पुडीवरचे नाव आणि पुडीतला पदार्थ

रिकामा वेळ आणि जिज्ञासू हात एकत्र आले की घरात काही तरी निर्माण होऊ लागते. एके काळी आपल्या घरांतील छंद भरतकाम, विणकाम, तिकिटांचा संग्रह आणि एखाद्या हौशी गृहस्थाने न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद चिकटवून सिद्ध केलेली छायाचित्रांची अंधारखोली एवढ्यावर थांबत. आता त्यांची व्याप्ती पुष्कळ वाढली आहे. गृहिणी घरीच खोबरेल तेलाचा साबण करतात. मुले मोरचुदाचे निळेशार स्फटिक वाढवितात. कोणी जुन्या भांड्यांना मुलामा चढवितो, तर कोणी लोहाच्या क्षारांचा लेप दिलेला कागद उन्हात धरून निळी छायाचित्रे उमटवितो. ही सारी कामे आनंदाची आहेत, आणि त्यांतून मिळालेले ज्ञान पुस्तकी ज्ञानापेक्षा अधिक काळ टिकते. परंतु त्यांना रसायने लागतात, आणि रसायने हल्ली बाजारातून सुटी किंवा घरबसल्या मागवून सहज मिळतात. या सुलभतेमुळे एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. पुडीवर जे नाव लिहिले आहे तोच पदार्थ पुडीत आहे, हे कशावरून?

दुकानदार ओळखीचा असला, पुडी बंद असली, की हा प्रश्न पुष्कळांना अनावश्यक वाटतो. छंदात चूक झाली तर फार तर रंग बिघडेल किंवा साबण जमणार नाही, अशी आपली समजूत असते. वस्तुतः रसायनाच्या बाबतीत चूक नेहमी वस्तूवरच थांबते असे नाही. ती डोळ्यापर्यंत, त्वचेपर्यंत आणि कधी कधी पोटापर्यंत पोहोचते.

नाव नसलेले भांडे केवढा अनर्थ करू शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८५८ च्या ऑक्टोबर महिन्यात ब्रॅडफर्ड या गावी पेपरमिंटच्या गोळ्या करणाऱ्या एका मिठाईवाल्याला साखरेत मिसळण्यासाठी स्वस्त पांढरी भुकटी हवी होती. अशी भेसळ त्या काळी तेथे सर्रास चाले. ज्या औषधविक्रेत्याकडे माणूस पाठविला तो आजारी होता. त्याच्या मदतनिसाने माळ्यावरच्या एका पिंपातून बारा पौंड भुकटी मोजून दिली. ती निरुपद्रवी भुकटी नव्हती. तो सोमल होता. सोमलही पांढरा, गंधहीन आणि भुकटीच्याच रूपातला. गोळ्या खाऊन सुमारे वीस माणसे मेली आणि दोनशेच्या आसपास माणसे आजारी पडली. या प्रकरणातील एक बारकावा विशेष मननीय आहे. तयार गोळ्यांचे रूप नेहमीसारखे नाही, हे बाजारात त्या विकणाऱ्याच्या लक्षात आले होते. त्याने माल परत केला नाही, तर तेवढ्यावरून भाव कमी करून घेतला. संशय आला होता, पण त्याचे रूपांतर चौकशीत न होता सवलतीत झाले. घरी आणलेली भुकटी या खेपेला जरा पिवळसर दिसते, गुठळ्या जास्त आहेत, वास वेगळा येतो, असे वाटूनही “चालेल” म्हणणारा प्रत्येक जण हाच व्यवहार करीत असतो.

रसायन हाती आले म्हणजे तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात: त्याचे नाव काय, ते खरोखर तेच आहे काय, आणि त्यात दुसरे काय मिसळले आहे. नाव, ओळख आणि शुद्धता या त्या तीन पायऱ्या होत. आपल्याकडील रसशास्त्राच्या ग्रंथांनी हा विवेक जुन्या काळापासून पाळलेला दिसतो. खनिज कोणत्या लक्षणांचे असले तर घ्यावे आणि कोणत्या लक्षणांचे असले तर टाकावे, हे ते आधी सांगतात. त्याचे शोधन, म्हणजे शुद्धी, नंतर येते. जे मुळात वेगळेच आहे त्याला शुद्ध करून काय उपयोग?

प्रथम नावाचा विचार करू. अठराव्या शतकापासून माळव्यात रुजलेल्या आपल्या मराठी घरांना या बाबतीत एक खास अडचण आहे. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी. आपण ज्याला मोरचूद म्हणतो त्याला सियागंजातील व्यापारी नीला थोथा म्हणतो. आपली तुरटी ती त्याची फिटकरी, आपला टाकणखार तो त्याचा सुहागा आणि आपला नवसागर तो त्याचा नौसादर. हिंदीत खाण्याच्या सोड्याला ‘मीठा सोडा’ म्हणतात. त्या शब्दातील ‘मीठा’ मराठी कानाला मिठाकडे नेतो आणि हिंदी कानाला गोडाकडे. पदार्थ मात्र मीठही नाही आणि गोडही नाही. मग ‘सोडा’ या एकाच शब्दाखाली तीन भिन्न पदार्थ घरात नांदतात. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट; तो ढोकळ्यात जातो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो तेलकटपणा काढतो आणि हात खरखरीत करतो. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड; साबण करण्यास तो वापरतात, आणि त्याचा एक कण डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तिघेही पांढरे आहेत, तिघेही सोडाच म्हणविले जातात.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. साबणाचे गणितच पाहा. १०० ग्रॅम खोबरेल तेलाचा साबण होण्यास सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. त्याचाच भाऊ कॉस्टिक पोटॅश वापरला तर सुमारे २६ ग्रॅम लागतो. आता एखाद्या कृतीत २६ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश सांगितला आहे आणि हाती आलेल्या पुडीवर नुसते ‘कॉस्टिक’ एवढेच लिहिले आहे, असे समजा. पुडीत सोडा निघाला तर तेलाशी संयोग न पावलेला आठ ग्रॅम दाहक पदार्थ त्या साबणात तसाच उरेल. ती वडी दिसेल सुंदर, पण बाळाच्या अंगाला लागताच भाजल्यासारखी वेदना देईल. ‘सोडा’ आणि ‘पोटॅश’ या दोन शब्दांतला फरक असा त्वचेवर उमटतो.

नावांच्या या गोंधळातून बाहेर पडण्याचा एक निश्चित मार्ग आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीची केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस ही शाखा प्रत्येक रसायनाला एक स्वतंत्र क्रमांक देते. त्याला कॅस क्रमांक म्हणतात. भाषा बदलली, व्यापारी नाव बदलले, तरी हा क्रमांक बदलत नाही. खाण्याचा सोडा १४४-५५-८, धुण्याचा सोडा ४९७-१९-८ आणि कॉस्टिक सोडा १३१०-७३-२. चांगल्या विक्रेत्याच्या वेष्टनावर तो छापलेला असतो. त्याची रचनाही मोठी चतुर आहे. शेवटचा आकडा हा आधीच्या आकड्यांचा पहारेकरी असतो. कॉस्टिक सोड्याचा क्रमांक घ्या. शेवटचा २ बाजूला ठेवा आणि उरलेले आकडे उजवीकडून डावीकडे मोजत त्यांना अनुक्रमे १, २, ३, ४, ५, ६ यांनी गुणा. तीन एके तीन, सात दुणे चौदा, शून्य त्रिक शून्य, एक चोक चार, तीन पाचे पंधरा, एक सक सहा. बेरीज ४२. तिचा एककाचा आकडा २, म्हणजे बाजूला ठेवलेलाच आकडा. छापताना किंवा उतरवून घेताना एखादा आकडा चुकला तर हा मेळ बहुधा बसत नाही. घरातील सहावी-सातवीच्या मुलाला हे काम सोपवावे. त्याला पाढ्यांचा उपयोग कळेल आणि आपली खातरजमाही होईल.

हा क्रमांक किती बारीक भेद जाणतो तेही पाहण्यासारखे आहे. मोरचुदाच्या निळ्या स्फटिकात पाणी बांधलेले असते. त्याचा क्रमांक ७७५८-९९-८. तेच पाणी उडवून टाकलेल्या पांढऱ्या भुकटीचा क्रमांक ७७५८-९८-७. १०० ग्रॅम निळ्या स्फटिकांत खरे ताम्रसल्फेट सुमारे ६४ ग्रॅमच असते. हा फरक ध्यानी न घेता एकाच्या जागी दुसरे घातले तर द्रावण दीडपटीहून अधिक तीव्र होते.

परंतु क्रमांक बरोबर असला म्हणजे पुडीवरचा मजकूर बरोबर आहे, एवढेच सिद्ध होते. पुडीच्या आत काय आहे ते क्रमांकाला माहीत नसते.

येथे दर्जाचा विचार येतो. एकच रसायन बाजारात अनेक दर्जांत मिळते. उद्योगधंद्यासाठी असलेला तो तांत्रिक किंवा कमर्शियल दर्जा. सामान्य प्रयोगशाळेसाठी एल. आर.; काटेकोर पृथक्करणासाठी ए. आर.; औषधासाठी आय. पी., म्हणजे भारतीय औषधकोशाच्या कसोट्यांना उतरलेला. आणि खाद्यपदार्थांसाठीचा खाद्य दर्जा. या पायऱ्या एकाच जिन्याच्या आहेत असे समजून पुष्कळ लोक फसतात. ए. आर. दर्जा महाग असतो, म्हणून तो खाण्यासही योग्य असलाच पाहिजे, हा तर्क चुकीचा आहे. प्रत्येक दर्जा हे एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते. प्रयोगशाळेच्या दर्जात प्रयोगाला बाधा आणणाऱ्या अशुद्धी मोजलेल्या असतात. देहाला बाधा आणणाऱ्या अशुद्धी मोजल्या असतीलच असे नाही.

शुद्धतेच्या टक्केवारीनेही भुलून जाऊ नये. ‘९९.५ टक्के शुद्ध’ असे वाचले की मन निश्चिंत होते. पण एक किलो मालात उरलेला अर्धा टक्का म्हणजे पाच ग्रॅम. ते पाच ग्रॅम ओलावा असेल तर काहीच बिघडत नाही. ते शिसे असेल तर तो माल मुलांच्या हाती देण्याच्या लायकीचा नाही. किती टक्के शुद्ध, यापेक्षा उरलेले काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. त्याचे उत्तर पृथक्करणाच्या दाखल्यात मिळते. नामांकित उत्पादक प्रत्येक घाण्याचा क्रमांक देतात आणि त्या क्रमांकाचा दाखला मागितल्यास पुरवितात. मोठ्या पोत्यातून सुटे करून दिलेल्या मालाला क्रमांक उरत नाही, दाखलाही उरत नाही आणि विचारण्यास जागाही उरत नाही. छंदासाठी लागणारे प्रमाण थोडे असते; तेवढ्यासाठी चार पैसे अधिक देऊन बंद आणि क्रमांकित डबा घेणे हीच खरी काटकसर.

आता घरी काय तपासता येईल ते पाहू. आरंभीच एक निर्बंध सांगितला पाहिजे: जिभेचा उपयोग कदापि करू नये. तुरटी, हिराकस, नवसागर यांची चव घेऊन ओळख पटविण्याची सवय जुन्या पिढीत होती. क्लोरीनसह कित्येक पदार्थांचे शोध ज्याच्या नावावर आहेत तो स्वीडनचा थोर रसायनज्ञ शील हा पदार्थ चाखून पाहत असे. तो १७८६ साली अवघ्या ४३ व्या वर्षी वारला, आणि या विषारी सहवासानेच त्याचे आयुष्य आटोपले असे मानले जाते. शिवाय चव हा साक्षीदारही खोटा आहे. शिशाचा एक क्षार इतका गोड असतो की त्याला शिशाची साखर असेच नाव पडले आहे. वासासाठीही बाटलीवर नाक धरू नये. हाताने हवा हलकेच आपल्याकडे आणावी.

निर्धोक कसोट्यांत पहिली आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. थोडी हळद स्पिरिटात भिजवून त्या द्रावणात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवाव्या आणि सावलीत, विस्तवापासून दूर, वाळवाव्या. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात अशी पट्टी तांबडी-तपकिरी होते. खाण्याच्या सोड्यात ती जवळजवळ पिवळीच राहते. दुसरी कसोटी लिंबाच्या रसाची. खाण्याचा व धुण्याचा हे दोन्ही सोडे लिंबाने फसफसतात. कॉस्टिक सोडा पट्टी लाल करतो, पण ताजा असल्यास फसफसत नाही, आणि पाण्यात पडताच पाणी तापवितो. त्याची परीक्षा प्रौढ व्यक्तीनेच करावी. मसुराच्या दाण्याएवढा तुकडा घ्यावा, तो पाण्यात टाकावा, त्याच्यावर पाणी ओतू नये. भांडे ॲल्युमिनियमचे नसावे, कारण ते तो खातो आणि ज्वलनशील वायू सुटतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असलेच पाहिजेत. एवढे करूनही कण डोळ्यात गेलाच तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि लगेच डॉक्टर गाठावा.

आपला कॉस्टिक सोडा लिंबाने किंचित फसफसला तर? तो खोटा आहे असे समजू नये. उघड्या डब्यात राहिलेला कॉस्टिक सोडा हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून हळूहळू धुण्याच्या सोड्यात बदलतो. ओळख बरोबर, शुद्धता गेली, असा हा प्रकार आहे. अशा सोड्याने केलेल्या साबणाचे गणित चुकते आणि वडी तेलकट राहते.

कोणतीही कसोटी एकटी लावू नये. तीन वाट्या घ्याव्या: एकीत संशयित पदार्थ, दुसरीत खात्रीचा तोच पदार्थ आणि तिसरीत नुसते पाणी. नाही तर परीक्षकच खोटा असण्याचा संभव असतो. हळदीतच भेसळ असेल तर ती काय साक्ष देणार? खात्रीच्या पदार्थाने पट्टी अपेक्षेप्रमाणे रंग बदलते आणि पाण्याने बदलत नाही, एवढे दिसल्यावरच तिसऱ्याविषयी निर्णय द्यावा.

दुसरी उपयुक्त कसोटी घनतेची. पुस्तकांचा, कापडांचा किंवा कीटकांचा संग्रह करणारे लोक कपाटात पांढऱ्या गोळ्या ठेवतात. त्या गोळ्या कापराच्या असतात, नॅफ्थलीनच्या असतात किंवा पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात; सरसकट सर्वांना आपण डांबराच्या गोळ्या म्हणतो. एका पेल्यात साधे पाणी घ्या आणि दुसऱ्यात कोमट पाण्यात विरघळेल तितके मीठ घालून गार होऊ द्या. गोळी साध्या पाण्यावर तरंगली तर कापूर. साध्या पाण्यात बुडाली पण मिठाच्या पाण्यावर तरंगली तर नॅफ्थलीन. दोहोंत बुडाली तर पॅराडायक्लोरोबेंझिन. गोळीला हवेचे बुडबुडे चिकटलेले असल्यास ढवळून काढावे, नाही तर निकाल चुकतो. ही ओळख कुतूहलापुरती नाही. काही बालकांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशा तान्ह्या बाळाला नॅफ्थलीनमध्ये ठेवलेली दुपटी किंवा गोधडी न धुता पांघरली तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटून कावीळ व पंडुरोग होऊ शकतो. कापराच्या वड्या आणि या गोळ्या शेजारी-शेजारी ठेवणाऱ्या घराने हा प्रयोग एकदा अवश्य करावा. कापूरही मुलाच्या पोटात गेल्यास विषच आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की हळद, लिंबू, मीठ आणि तराजू एवढ्या साहित्यावर घर निर्धास्त झाले. तसे नाही, आणि ते का नाही हे ग्लिसरीनच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ग्लिसरीन पारदर्शक साबणात, मुलांच्या फुग्यांच्या पाण्यात, घरी केलेल्या मलमांत वापरतात. ते बिनरंगी, दाट आणि गोड असते. डायइथिलीन ग्लायकॉल नावाचा एक औद्योगिक द्रवही बिनरंगी, दाटसर आणि गोड असतो. तो मूत्रपिंडे निकामी करतो. एखाद्या बाटलीत काठोकाठ १०० ग्रॅम पाणी मावत असेल तर त्याच बाटलीत ग्लिसरीन सुमारे १२६ ग्रॅम मावेल आणि हा विषारी द्रव सुमारे ११२ ग्रॅम. तेव्हा वजन ११२ भरले तर ती बाटली तत्काळ बाद करावी. पण वजन १२४ किंवा १२५ भरले तर? ग्लिसरीनमध्ये पाच टक्के पाणी असले तरी तेवढेच भरते, आणि दहा टक्के विष असले तरी तेवढेच भरते. औषधकोशांनी या विषाला घातलेली मर्यादा आहे एक दशांश टक्का. म्हणजे मर्यादेच्या शंभरपट विष आपल्या तराजूच्या डोळ्यांदेखत निसटून जाते. ते पकडण्यास वायुवर्णलेखनाचे यंत्र लागते.

ही भीती काल्पनिक नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा विषारी ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या हलगर्जीपणावर बोट ठेवले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत, आपल्याच मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलांचा बळी घेतला. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने केलेल्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. बाटली बंद होती, नाव छापलेले होते, घाण्याचा क्रमांकही होता. ज्या आईने मोजून चमचाभर औषध पाजले तिच्या हाती ते तपासण्याचे कोणतेही साधन नव्हते. त्या घरांचा यात काडीचाही दोष नाही. जेथे तपासणी व्हावयास हवी होती तेथे ती झाली नाही.

घरगुती कसोट्यांचे मोल यावरून नेमके ठरविता येते. घरची परीक्षा पदार्थाला नापास करू शकते. उत्तीर्ण करू शकत नाही. लक्षण जुळले नाही तर पदार्थ निश्चितपणे टाकावा. लक्षण जुळले तर ‘अद्याप संशयास जागा दिसली नाही’ एवढेच म्हणावे. ज्योतीच्या रंगाची कसोटीसुद्धा याला अपवाद नाही. सोडियमची ज्योत पिवळी आणि पोटॅशियमची जांभळी, हे खरे. पण सोडियमचा लवलेशही असला तर त्याच्या पिवळ्या रंगात जांभळा लोपून जातो. पिवळे दिसले म्हणून पोटॅशियम नाही, असे म्हणता येत नाही.

यावरून छंदाची मर्यादाही आपोआप आखली जाते. जो पदार्थ भिंतीवर टांगावयाचा आहे त्याला घरची परीक्षा पुरेल. जो अंगाला लागणार आहे त्यासाठी योग्य दर्जा, बंद डबा आणि दाखला हवा. शंका उरल्यास एन. ए. बी. एल. ची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा. आणि जो पोटात जाणार आहे तो छंदाच्या कपाटातून कधीच येता कामा नये, मग त्याच्यावर कोणतेही नाव छापलेले असो. छंदासाठी आणलेला टाकणखार पापडात, छंदासाठी आणलेले ग्लिसरीन घशाच्या औषधात, असा प्रवास आपल्या घरांत काटकसरीच्या नावाखाली होतो. तो थांबला पाहिजे.

शेवटी साठवणीविषयी. दुकानातून खरा आणि शुद्ध माल आणला, तरी घरात त्याचे नाव हरवू शकते. सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत रसायन ओतून ठेवणे म्हणजे ब्रॅडफर्डचे ते पिंप पुन्हा माळ्यावर ठेवण्यासारखे आहे. रसायन मूळ डब्यातच राहू द्यावे. चिठ्ठी फाटली तर नवी लावावी आणि तिच्यावर मराठी नाव, बाजारातले हिंदी नाव, कॅस क्रमांक, खरेदीची तारीख आणि डबा उघडल्याची तारीख लिहावी. घरकामास येणाऱ्या बाईंना, पाहुण्यांना, नातवंडांना, सर्वांना ती वाचता आली पाहिजे. कपाटाला कुलूप असावे आणि ते स्वयंपाकघरात नसावे. विषबाधेचा संशय येताच रुग्णाबरोबर तो डबाही रुग्णालयात न्यावा. डॉक्टरांना सर्वांत आधी नाव हवे असते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र अशा वेळी डॉक्टरांना रात्रंदिवस सल्ला देते.

आणि ज्या बाटलीचे नाव कोणालाच सांगता येत नाही तिचे काय? पुष्कळ घरांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या अंधारखोलीतील अशा बाटल्या आठवण म्हणून जपलेल्या असतात. त्यांच्यावर प्रयोग करून ओळख पटविण्याच्या भरीस पडू नये. कोणती कसोटी लावावी हे कळण्यासाठीसुद्धा आधी पदार्थाचा अंदाज लागतो, आणि काही रसायने जुनी झाली की अधिकच घातक होतात. बूच न उघडता ती वेगळी ठेवावी, मोरीत ओतू नये. इंदुरात घरगुती घातक कचरा वेगळा गोळा केला जातो. काय आहे ते स्पष्ट सांगून त्यात द्यावी. आठवण जपावयाची तर आजोबांनी काढलेली छायाचित्रे जपावी. निनावी बाटलीत आठवण नसते, पुढच्या पिढीसाठी ठेवलेला धोका मात्र असतो.